न मागितलेलं बिल

कोरं

कापड पांढरं आहे. कडेनं निळा धागा, एका कोपऱ्यात जुनं रफू, बाकी काही नाही.

तेक्लानं ते पिशवीतून काढलं, हवेत एकदा झटकलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर अंथरलं. घरचं कापड, दुसऱ्याच्या खानावळीत. टेबलावर आधीपासून चार छापील कागद मांडलेले होते. प्रत्येकावर पिवळ्याजर्द भाताचा फोटो, आणि खाली तीन भाषांत एकच ओळ: हे टेबल दीड तास तुमचं. तिनं चारही कागद उचलले, कोपऱ्याला कोपरा जुळवून शेजारच्या टेबलावर ठेवले आणि बसली.

गल्ल्यामागून गिफ्रे बघत होता. खानावळ आंतोनची, गिफ्रे त्याचा जावई. गुडघे बोलायला लागल्यावर आंतोन डोंगरातल्या गावी बहिणीकडे राहायला गेला, मुलगी बंदरात नोकरीला, म्हणून खानावळ जावयाच्या गळ्यात पडली. तारागोना शहराच्या सेराल्यो कोळीवाड्यातल्या धक्क्यावर तेव्हापासून त्याला कुणी गिफ्रे म्हटलं नव्हतं. सगळे जावईच म्हणायचे. तोंडावरसुद्धा.

"हे काय, तेक्लाबाई?"

"कापड."

"ते दिसतंय मला."

"मग विचारतोस कशाला, जावईबापू?"

"आपल्याकडे आता कापडं नसतात. कागद असतात. धुवायचा त्रास नाही."

"तुला कुठं धुवायला सांगतेय? माझं आहे, मी धुईन."

 स्वतःचं कापड आणू नये असा नियम गिफ्रेनं केला नव्हता. कुणी आणेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मागचा गुरुवार

हा डाग कापडावर नाही. पण सुरुवात त्याच्यापासून.

गुरुवार म्हणजे भात. तारागोनात गुरुवारी दुपारी दोनला ज्याच्या पुढ्यात भात नाही, तो एक तर आजारी नाहीतर परगावचा. तेक्ला, रुझे आणि फ्रुक्तुओस गुरुवारचा भात याच टेबलावर खात आले होते. तेक्ला आणि रुझे जन्मभर एका शेडमध्ये शेजारी शेजारी बसून फाटलेली जाळी सांधायच्या. फ्रुक्तुओस तेक्लाच्या नवऱ्याबरोबर एका बोटीवर होता. आता नवरा नाही, बोट नाही, शेडमध्ये सायकली भाड्यानं मिळतात. टेबल तेवढं राहिलं होतं.

भात संपायला कितीसा वेळ लागतो! खरी गंमत त्याच्यानंतर. ताटं उचलली जातात, वाइनचा चोचीचा चंबू फिरत राहतो, आणि माणसं बसतात. कोण गेलं, कुणाचा पोरगा परत आला, कुठल्या बोटीला काय मिळालं आणि ते खोटं कसं आहे. या बसण्याला घड्याळ नसतं. ते कधी संपलं हे जेवणाऱ्यानं ठरवायचं. मग तो हात वर करून बिल मागतो. मागेपर्यंत बिल येत नाही. न मागता बिल आणणं म्हणजे घरी बोलावलेल्या पाहुण्याचा कोट हातात घेऊन दाराशी उभं राहणं.

मागच्या गुरुवारी तेक्लाच्या ताटात भात होता, हातात काटा होता, आणि जावयानं चिमटा लावलेलं बिल तिच्या पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवलं. वर म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

तिनं अर्धा भात टाकला. पैसे दिले, कोट घातला. घराच्या जिन्याशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उठलो नव्हतो. आपल्याला उठवलं होतं.

बाकीचे दिवस ती रेडिओशी बोलते, आणि रेडिओ तिचं ऐकत नाही. गुरुवार गेला तर उरलं काय? पहिल्या पायरीवर उभं राहूनच तिनं ठरवलं: आणखी एकदा तशी उठले, तर कायमची उठले.

टोमॅटो

कापडावरचा पहिला डाग टोमॅटोचा. फ्रुक्तुओसचा.

पाव भाजलेला, टोमॅटो अर्धा चिरलेला, लसणाची पाकळी, तेलाची बाटली. पावावर टोमॅटो ज्यानं त्यानं आपल्या हातानं घासायचा. कुणी घासून आणून दिला तर फ्रुक्तुओसला तो उष्टा वाटतो. तो इतक्या जोरात घासतो की पाव लाल होतो आणि आसपासचंही.

"गेलं कापड," रुझे म्हणाली. रुझेला एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून ती दोन्ही कानांना पुरेल एवढ्या आवाजात बोलते.

"त्यासाठीच आणलंय," तेक्ला म्हणाली. "घास."

"घासतोय. पण मला एक सांग, भात कधी येणार?"

"भात नाही आज."

फ्रुक्तुओसचा हात थांबला. "गुरुवार आहे."

"माहीत आहे."

"गुरुवारी भात नाही?"

"गोगलगायी आहेत."

"गुरुवारी गोगलगायी! माझा बाप थडग्यातून उठेल."

"उठू दे. उठणारी माणसं जावयाला आवडतात."

रुझे एवढ्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं चमचा खाली ठेवला.

"हे बघ," तेक्ला पुढे झुकली. "भात आला की तो गरमागरम खावा लागतो. गार भात तू खातोस?"

"मी मांजर आहे का?"

"मग? भराभर खायचा आणि ताट रिकामं. ताट रिकामं झालं की तो बिल घेऊन हजर. भात त्याच्या बाजूनं आहे, फ्रुक्तुओस. गोगलगाय आपल्या बाजूनं आहे. तिला घाई करता येत नाही. एक उचलायची, टाचणीनं ओढायची, बुडवायची, खायची, कवच ठेवायचं, बोटं पुसायची, बोलायचं. मग दुसरी."

फ्रुक्तुओसनं पावाचा घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"आणि ताटात अन्न असताना उठवायची त्याची हिंमत नाही," त्यानं शेवटी कबूल केलं. "पण भात नाही म्हणजे फार झालं."

अल्योली

दुसरा डाग पिवळट, जाड, बोटाएवढा. त्याच्यामागे एर्मिनिया आहे.

एर्मिनिया आंतोनच्या स्वयंपाकघरात तरुणपणी शिरली ती अजून तिथंच होती. मागच्या शुक्रवारी बाजारात कांदे निवडताना तेक्लानं तिला गाठलं होतं.

"जावयानं मला उठवलं."

"बघितलं मी. अर्धा भात परत आला. तुझ्या ताटातून आजवर कधी भात परत आला नव्हता. मला वाटलं खारट झाला."

"खारट नव्हता."

"माहीत आहे. चाखून बघितला मी." एर्मिनियानं एक कांदा दाबून परत टाकला. "आता लसणाची अल्योलीसुद्धा डब्यातून येते आपल्याकडे, तुला कळलं का? बादलीएवढा डबा. त्यात अंडं असतं आणि आणखी काय काय असतं. लसूण कुठं आहे ते शोधावं लागतं."

मग दोघी कांदे निवडत राहिल्या. गोगलगायींचा विचार एर्मिनियाचा. खाण्याआधी त्यांना आठवडाभर उपाशी ठेवावं लागतं, म्हणजे पोटातली माती जाते. म्हणून त्याच संध्याकाळी तिनं खानावळीच्या मागच्या चौकात जाळीची पिशवी टांगली. जावयानं विचारलं तेव्हा म्हणाली, "गुरुवारसाठी."

"गुरुवारी भात असतो ना?"

"भातही असेल."

आणि आज सकाळी तिनं डबा उघडलाच नाही. दगडी खलात लसूण आणि मीठ वाटलं, मग थेंबथेंब तेल, बत्ता एकाच दिशेनं, एकाच हातानं, मध्ये थांबायचं नाही. मध्येच गिफ्रे काहीतरी विचारायला आला. तिनं मान वर केली नाही. कुणी मध्ये बोललं तर अल्योली फुटते, एवढं तरी त्या घरात सासऱ्यानं जावयाला शिकवलेलं होतं. तो तसाच पावलं न वाजवता परत गेला.

पत्र्याचं मोठं ताट आलं. वर गोगलगायी, तोंड वर करून बसलेल्या, मीठ-मिरी-तेलात चुरचुरणाऱ्या. शेजारी खल, खलात अल्योली; एवढी घट्ट की बत्ता उभा राहिला होता.

फ्रुक्तुओसनं वास घेतला. आणखी एकदा घेतला.

"बापाला म्हणावं, झोप परत," तो म्हणाला.

वाइन

तेक्लाची टाचणी घरची होती. जाळ्याच्या बाईची बोटं. एक हिसका, आणि गोगलगाय शेपटापर्यंत अख्खी बाहेर. पहिल्या पाच-सहा तिनं अशाच चटकन काढल्या. सवय. मग रुझेनं तिच्या मनगटावर चापट मारली.

"बाई, आपल्याला घाई नाही."

"बोटं ऐकत नाहीत."

"त्यांना सांग, आता मजुरी मिळत नाही म्हणून."

मग बोटांनी ऐकलं. एक गोगलगाय, एक गोष्ट. फ्रुक्तुओसनं चंबू उचलला, हात लांब करून वाइनची धार तोंडात सोडली. वाइन तोंडात जात असतानाच तो बोलू शकतो अशी त्याची ख्याती आहे, आणि आजवर त्याच्या सदऱ्यावर थेंब पडलेला कुणी बघितलेला नाही.

गिफ्रे आला. हातात छोटी बशी, बशीत बिल, बिलाला चिमटा. चेहऱ्यावर हॉटेलातलं हसू. या वस्तीत यायच्या आधी तो समुद्रकिनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात होता, तिथून ते त्याच्याबरोबर आलं होतं.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला, आणि बशी ठेवली.

"आण, बरं झालं," तेक्ला म्हणाली. "कवचं ठेवायला जागाच नव्हती."

आणि तिनं हातातलं कवच बिलावर ठेवलं. मग रुझेनं तिचं ठेवलं. तेल कागदात उतरलं, आकडे पारदर्शक झाले.

फ्रुक्तुओसला हसू फुटलं. धार अजून हवेत होती. ती त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर, सदऱ्यावरून कापडावर आली आणि मोठा, गोल, जांभळा डाग पडला. सगळ्यात मोठा.

"बघा," तो तोंड पुसत म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा. आणि कुणामुळं? जावयामुळं."

"त्याच्यामुळं कसं?" रुझे ओरडली. "तोंड तुझं."

"काय म्हणताय?" गिफ्रेनं विचारलं.

"तुझंच चाललंय," तेक्ला म्हणाली. "बस ना. चौथी खुर्ची रिकामी आहे."

तो बसला नाही. त्यानं घड्याळाकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं तर घड्याळ मदतीला येईल अशा आशेनं. मग दुसरं बिल छापून आणलं. दुसरं बिल फ्रुक्तुओसनं चार घड्या करून टेबलाच्या पायाखाली घातलं, कारण ते टेबल जावई आल्यापासून हलत होतं.

तिसरं बिल आलं नाही.

इथं कापडावर काही पडलं नाही

दारात पर्यटकांच्या जहाजावरची माणसं उभी राहिली. नवरा-बायको आणि दोन मोठी मुलं, सगळ्यांच्या गळ्यात एकसारखे पट्टे, उन्हानं नाकं लाल. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. ठरलेलंच होतं त्यांचं.

गिफ्रे तेक्लाजवळ आला आणि यावेळी हसला नाही.

"तेक्लाबाई, हात जोडतो. दुसरं टेबल देतो, स्वयंपाकघराजवळ. कॉफी माझ्याकडून."

"इथं काय वाईट आहे?"

"ही खिडकी त्यांच्यासाठी ठेवलीय मी."

"ती तुझ्यासाठी आंतोननं ठेवलीय. आंतोनसाठी त्याच्या आईनं. आणि तेव्हापासून गुरुवारी इथं आम्ही असतो."

"मला समजत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्याचा आवाज खाली आला. तो थकलेला दिसत होता; तेक्लाला त्याच्या लग्नातला तो आठवला, याच खोलीत टेबलं भिंतीला लावून सगळ्यांबरोबर नाचलेला, घामेघूम. "ही एक खिडकी निम्मं भाडं काढते. तुम्ही तिघं एक चंबू घेता आणि संध्याकाळ करता. तुम्ही इथं जेवायला येतच नाही, बाई. तुम्ही इथं बसायला येता."

फ्रुक्तुओसनं टाचणी खाली ठेवली. रुझेलासुद्धा ऐकू गेलं.

तेक्लानं बोटं पुसली. एकेक बोट, नीट, कापडाच्या कडेला लागू न देता.

"हो," ती म्हणाली. "बसायलाच येते. जेवायला मला घर आहे."

गिफ्रेनं दाराकडे बघितलं.

"तुला वाटलं मी नाही म्हणेन. तुला वाटलं लाज वाटेल मला. कशाची? माझ्या घरी चूल आहे, ताट आहे, खिडकीसुद्धा आहे. तिथं बसायला कुणी नाही. म्हणून इथं येते, पैसे देते, बसते. या धक्क्यावर खानावळ याच्यासाठीच असते, पोरा. भात तर कुणालाही शिजवता येतो."

"एर्मिनियाला सांगू का हे?" फ्रुक्तुओस पुटपुटला.

"गप्प बस."

दारातली बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. तिचे घोटे सुजले होते. तेक्लानं ते बघितलं, आणि तिला उठावंसं वाटलं. खरंच वाटलं, हात टेबलाच्या कडेवर गेलाही. अर्ध्या खोलीत टेबलं रिकामी होती. तिनं हात परत मांडीवर घेतला आणि त्या बाईला मधलं टेबल दाखवलं, मग चौथ्या खुर्चीवर थोपटलं: ये, वाटलं तर इथं.

बाईनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं हातातल्या फोनमधल्या फोटोकडे. फोटोत खिडकी होती, आणि खिडकीत कुणी नव्हतं. ते चौघं धक्क्यावरून पुढच्या खानावळीकडे गेले.

"गेले," गिफ्रे म्हणाला.

"खुर्च्या होत्या," तेक्ला म्हणाली.

टक

मग गिफ्रे लढाईवर उतरला.

आधी पंखा बंद झाला. रुझेनं मासिकाच्या पानानं वारा घेतला. टक.

मग आसपासच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या चढल्या, पाय वर करून. त्या तिघांभोवती लाकडाचं रान उभं राहिलं. टक.

हे टक कुठून येत होतं? एर्मिनियानं न सांगता सुक्या मेव्याचं ताट पाठवलं होतं: बदाम, अक्रोड, आणि डोंगराकडचे हेझलनट, सगळे सालासकट. फोडायला एक लहानसा हातोडा. शेजारी गोड वाइनचे छोटे ग्लास. टक. रुझेला हातोडा फार आवडला. तिला त्याचा आवाज ऐकू येत होता. टक. टक.

मग गिफ्रे बादली घेऊन आला आणि फरशी पुसायला लागला. त्यांच्या टेबलाखालीसुद्धा. तिघांनी पाय वर उचलले, एकाच वेळी, शाळेतल्यासारखे. तेक्लाचे पाय जमिनीपासून वर, पाठ ताठ, हातात अक्रोड. फडकं खालून इकडून तिकडे गेलं.

"तो कोपरा राहिला," फ्रुक्तुओसनं दाखवलं.

गिफ्रेनं तो कोपराही पुसला.

"वाळेपर्यंत पाय खाली ठेवू नका," तो म्हणाला. आणि त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलल्याचं तेक्लाला दिसलं. हॉटेलातलं हसू नव्हतं ते.

"दमलास?" तिनं विचारलं.

"नाही."

"आम्हीही नाही."

टक.

खरवड

करडा, खडबडीत, तेलकट डाग; नखानं खरवडला तर भाताचं शीत निघेल.

स्वयंपाकघरातला दिवा बंद झाला. रोज हा दिवा बंद झाला की एर्मिनिया मागच्या दारानं घरी जायची, आणि संध्याकाळच्या जेवणांसाठी परत यायची. बाहेरच्या खोलीत ती कधीच यायची नाही. तिथली माणसं जेवायची, ती शिजवायची. स्वतःचं जेवण ती ओट्यापाशी उभ्यानं करायची. आंतोननं कितीदा म्हटलं, बस बाहेर. ती म्हणायची, बसले की पाय दुखतात.

आज मधलं दार उघडलं. एर्मिनिया एप्रन काढून, केस पाण्यानं चापून, हातात काळी कढई घेऊन आली. उलट्या खुर्च्यांच्या रानातून वाट काढत ती टेबलाशी पोचली, कापडाकडे बघितलं, एका नजरेत सगळे डाग वाचले.

"वाइन कुणाची?"

"जावयाची," फ्रुक्तुओस म्हणाला.

"खुर्ची कुणाची?"

"तुझी," तेक्ला म्हणाली.

एर्मिनिया बसली. कढई मध्ये ठेवली. तळाशी गुरुवारचा भात लागलेला, खरपूस, तांबूस, माशाच्या रसाचा आणि केशराचा वास आलेला. भाताची खरवड. ही ती कुणाला देत नसे, कधीच, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

 फ्रुक्तुओसनं फक्त काटा घेतला. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते लसणानं आलं असं तो पुढे म्हणाला.

"एर्मिनिया," गिफ्रे गल्ल्याजवळून म्हणाला, "हे काय आहे?"

"जेवते आहे."

"इथं?"

"टेबलावर. माणसं जेवतात तशी."

"आणि संध्याकाळचं?"

"हे झालं की बघू." तिनं खरवडीचा तुकडा ओढला. तो कढईपासून सुटताना जो आवाज आला त्यानं चौघंही एक क्षण थांबले. "पाय दुखत नाहीत," ती आश्चर्यानं म्हणाली. "बसलं तर दुखत नाहीत. कुणी सांगितलं नाही मला."

"आम्ही सांगत होतो," रुझे ओरडली. "तू ऐकत नव्हतीस."

"तू मला सांगतेस ऐकायचं?"

मग त्या दोघी हसल्या, तेक्ला हसली, फ्रुक्तुओस तोंडात भात असताना हसला. आणि बोलणं सुरू झालं, खरं बोलणं, दुपारपासून ज्याची वाट बघत होते ते. जुन्या शेडच्या मुकादमाचं. त्या वादळाचं, ज्यात फ्रुक्तुओस बोटीवरून पडला नव्हता आणि तरी पडलो होतो म्हणून सांगतो. एर्मिनियाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती भिंतीच्या पलीकडून नुसतं हसणं ऐकत आली होती.

गिफ्रे गल्ल्यावर कोपर टेकून उभा होता. उजेड खिडकीतून तिरका आला, कापडाच्या अर्ध्यावर. त्यानं पंखा परत लावला. कुणी आभार मानले नाहीत.

कॉफी

शेवटचा डाग. तपकिरी, वर्तुळाकार, कपाच्या बुडाचा. ब्रँडी घातलेल्या कॉफीचा.

तेक्लानं कप खाली ठेवला. बाहेर बोटी परत आल्या होत्या, धक्क्यावर खोके आपटत होते, गिधाडांसारख्या सीगल पक्ष्यांचं भांडण चाललं होतं. तिला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, ऐकायचं ते ऐकून. तिनं स्वतःला एकदा तपासलं: राहिलंय काही? नाही. आजचं झालं.

तिनं हात वर केला.

"जावईबापू, बिल आण."

गिफ्रे जागचा हलला नाही. "दोनदा आणलं."

"ते तू आणलेलं. हे मी मागितलेलं."

 मग त्यानं यंत्रातून कागद काढला, बशीत ठेवला, चालत आला आणि बशी तिच्या हाताशी ठेवली. वाकून. काही म्हणाला नाही. 'सावकाश होऊ द्या'ही नाही.

तिनं पैसे ठेवले. उठली. कोट घातला; सगळी बटणं, खालून वर. रुझेनं हातोडा चुकून पर्समध्ये घातला होता तो काढून ठेवला. फ्रुक्तुओसनं पायाखालची घडी काढू का असं विचारलं, गिफ्रे म्हणाला, "राहू द्या, टेबल हलतं."

"कापड राहिलं तुमचं," तो तेक्लाला म्हणाला.

कापडावर अजून कढई होती, कढईमागे एर्मिनिया, एर्मिनियाच्या हातात काटा.

"राहू दे. पुढच्या गुरुवारी नेऊन धुईन."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत ते अंथरलेलं आहे."

ती दाराशी पोचली तेव्हा संध्याकाळचं पहिलं जोडपं आत येत होतं. चांगले कपडे, बाईच्या हातात फूल. आत खुर्च्या अजून उलट्या होत्या. एकच टेबल टेबलासारखं होतं.

"ते खिडकीजवळचं मिळेल का?" पुरुषानं विचारलं.

तेक्ला दाराची मूठ धरून थांबली. पाठ वळवून. तिला वळून बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

"ते भरलंय," गिफ्रे म्हणाला.

"कधी रिकामं होईल?"

मागे कढईतून काटा खरवडल्याचा आवाज आला.  गिफ्रेनं एक खुर्ची उचलून सरळ केली असावी. फरशीवर चार पाय टेकल्याचं तेक्लानं ऐकलं.

"जेवण चाललंय तिथं," तो म्हणाला. "झालं की होईल."

तेक्लानं दार उघडलं.